आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३२

दुसऱ्याचं सुखदुःख जो आपल्यासारखंच जाणतो, तो श्रेष्ठ योगी, असं भगवंत आज सांगतात.

मला लातूरची माझी भाची आठवते. तिचे रुपेरी केस कितीही विंचरा, उभेच! नांदेडचे नातेवाईक म्हणाले, "जट आहे, पोरगी देवीची." अहो, जट म्हणजे गुंता; हिचा एकेक केस सुटा. त्वचेच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं : केस गोल नाही, त्रिकोणी! यामागची तीन जनुकं २०१६ मध्ये सापडली. वयाबरोबर केस बरेचदा सुधारतात.

तोवर मऊ ब्रश, हलका हात. ओढ आपल्याच डोक्याला बसतेय असं समजून विंचरा. हीच आजची साधना. माहूरची रेणुकामाय आई आहे, आई लेकराचं बालपण मागत नाही.

रामकृष्णहरी!