नशेसाठी नव्हे, चवीसाठी

पुणे–नगर रस्त्यावरच्या वाघोलीत मद्याचा प्रश्न दोन धर्मपरंपरांच्या शेजारात उभा आहे. गावात भारतीय जैन संघटनेचा शैक्षणिक प्रकल्प आहे. १९९३च्या लातूर भूकंपात उघड्यावर पडलेल्या मुलांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळाले. त्याच रस्त्याने पुढे पेरणे इथला कोरेगाव-भीमाचा जयस्तंभ आहे. दर १ जानेवारीला तिथे लोटणाऱ्या आंबेडकरी बौद्ध समाजात १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा घराघरांत मानल्या जातात, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. दोन्हीकडे मद्य वर्ज्यच, पण वर्ज्य का, याची उत्तरे निराळी आहेत. २०२१मध्ये महापालिकेत आलेल्या आणि खराडीच्या आयटी पार्कच्या आधाराने वाढलेल्या या उपनगरात आता तिसरे उत्तरही ऐकू येते: ‘आम्ही नशेसाठी नाही, चवीसाठी घेतो.’ हा बचाव धर्माच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे एकदा नीट तपासायला हवे.

तपासायचा तर त्याच्या सर्वांत बळकट रूपात तपासावा. थंड किनारी प्रदेशातली, ओकच्या पिंपाचा हलका हात लागलेली शार्डोने द्राक्षांची वाईन हे ते रूप. चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यात प्रशांत महासागराच्या थंड प्रवाहावरून आलेले धुके बागांवर उतरते, द्राक्षे सावकाश पिकतात आणि साखर चढली तरी आंबटपणा टिकतो. आपला समुद्र हे काम करत नाही. कोकणच्या दमट उकाड्यात या द्राक्षाचे काही चालायचे नाही. नाशिक-दिंडोरीकडे ते काम हिवाळ्यातल्या रात्री करतात, म्हणून तिथे छाटणी पावसाळा सरता सरता आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. अकलूजजवळ फ्रातेल्ली वाईनरीने तर सोलापूरसारख्या उष्ण जिल्ह्यात शार्डोने लावली. या द्राक्षाची स्वतःची चव बेताचीच, त्यामुळे हवा आणि लाकूड यांचा गुण त्यात चटकन उमटतो. नव्या पिंपातून व्हॅनिलाचा वास येतो; मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू लोण्याचा वास सोडतात. हलका ओक म्हणजे हे सारे बेताने: थोडा भाग पिंपात, बहुधा जुन्या, आणि उरलेला स्टीलच्या टाकीत. असा पेला लक्ष मागतो. नुसती झिंगच हवी असेल तर त्याहून कितीतरी स्वस्त सोयी आहेत.

बौद्ध पंचशीलातल्या पाचव्या शीलाचा आक्षेप प्रमादावर आहे: मद्य हे बेसावधपणाचे ठिकाण. यावर रसिक म्हणेल की मी तर एरवीपेक्षा अधिक सावध असतो, वास आणि आंबटपणा वेगवेगळे ओळखतो. उत्तर वजनदार आहे, पण अर्धेच. तेरा टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल पिणाऱ्याचा हेतू विचारून रक्तात शिरत नाही. आणि जी बुद्धी ‘आता पुरे’ म्हणणार, तीच पहिल्यांदा सैल होते. शील त्या बुद्धीच्या भरवशावर राहायला तयार नाही ते यासाठी. चव नशेपासून वेगळी काढता येते हे मात्र खरे. वाईन पारखणारे व्यावसायिक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. जेवणाच्या टेबलावर किती रसिक तसे करतात, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

जैन आक्षेप याहून खोल जातो, कारण तो पिणाऱ्याबरोबर भांड्याकडेही पाहतो. श्रावकाने मद्य, मांस, मधू सोडावे, या जुन्या नियमाची कारणे देताना दहाव्या शतकातल्या अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’मध्ये मद्याने मन मोहित होते हे सांगितलेच, पण मद्य हे रसात जन्मणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान आहे, असेही म्हटले. एकोणिसाव्या शतकात पाश्चरने किण्वन हे जिवंत यीस्टचे काम असल्याचे दाखवले. यावरून जैन आचार्यांना सूक्ष्मदर्शक अवगत होता असा डांगोरा पिटण्याची गरज नाही. त्यांची भूमिका निरीक्षणातून आणि करुणेतून आली होती, तेवढे पुरे. पण या आक्षेपापुढे चवीचा बचाव उलटतो हे खरे. शार्डोनेला जो भरीव, मऊ पोत येतो, तो पुष्कळदा मेलेल्या यीस्टच्या गाळावर तिला महिनोन्महिने ठेवून, तो गाळ अधूनमधून ढवळून आणलेला असतो. इथे चव भांड्यातल्या जीवांच्या मरणातूनच येते.

मग दही आणि इडली का चालते, हा प्रतिप्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की जैन आचारात तेही सरसकट चालत नाही. दह्याला काळाची मर्यादा आहे, कच्च्या दह्याबरोबर कडधान्य निषिद्ध आहे, शिळे व आंबवलेले पदार्थ अनेक घरांत टाळतात. नियम कडक असेल, पण निवडक नाही. वाईन स्वच्छ करायला कुठे माशाच्या पोटातला पदार्थ वापरतात तर कुठे बेंटोनाइट माती. माती वापरली तर एक हिंसा टळते, किण्वनाची टळत नाही. शिवाय रसपरित्याग हे जैनांत तपच आहे. त्याच्यापुढे ‘फक्त चवीसाठी’ ही सबब म्हणजे आरोपाची कबुली. अर्थात ते तप आहे, सर्वांवरची बंदी नव्हे. पर्युषणात मिठाई सोडणारा वर्षभर ती खातो.

इथेच २०२२च्या वादातला घोळ दिसतो. जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारे उपोषणाला निघाले आणि समर्थक ‘वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतमाल आहे’ असे सांगू लागले. शेतमाल ती आहेच. पण द्राक्षबागायतदाराचे उत्पन्न हा व्रतापुढचा पुरावा नाही, आणि दुसऱ्याचे व्रत हा कायद्यापुढचा पुरावा नाही. रसिकाने शासनाला म्हणावे की माझ्या पेल्याने कुणाचे नुकसान होत नाही, आणि शासनाने ते तपासावे. जैन किंवा बौद्ध शेजाऱ्याला मात्र तो हे पटवू शकत नाही, कारण तिथे तक्रार नुकसानीची नाहीच. गंमत म्हणजे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो आरोग्यरक्षणाच्या नावाखाली मिळतो. चवीचा रकाना त्यात नाही.