कवळी लावते, मग काढ

इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली, तेव्हा मी माणसं काढायचे ती जगात कुठेच राहत नव्हती. अंड्यासारखं डोकं, त्याखाली खांदे, डाव्या बाजूला पदर घेतलेली बाई, उजव्या बाजूला टोपीवाला म्हातारा, मधे फुगा धरलेला मुलगा. स्मरणचित्राला भाजी मंडई आली की या तिघांच्या पुढ्यात वांगी-टोमॅटो मांडायचे, बसस्टॉप आला की मागे एसटी उभी करायची. आमच्या क्लासमधल्या चाळीस मुलांनी हीच तीन माणसं पाठ केली होती. स्मरणचित्रात खरोखरचं स्मरण तेवढंच.

मुंबईत कॉलेजला आले आणि पहिल्याच महिन्यात सरांनी माझी वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, ‘यांना वजन नाही गं. फुंकर मारली तर उडतील.’ मग उपाय सांगितला. रोज सकाळी स्टेशनवर जा आणि माणसं काढ. सुरुवात झोपलेल्यांपासून कर, ते हलत नाहीत.

हा सल्ला माझ्या सरांचा एकट्याचा नाही. मुंबईत चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी मिळतो. जे. जे. आणि सीएसएमटी यांच्यात तर चालत पाच-सात मिनिटांचं अंतर आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला पहाटे गेलात, तर चादर टाकून, बॅगेवर डोकं ठेवून, चपला उशाशी घेऊन झोपलेली माणसं दिसतात. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर मांडीवर बोर्ड घेतलेली एक-दोन मुलंमुलीही दिसतात. त्यांतली एक मी होते.

सल्ला शंभर टक्के खरा निघाला. झोपलेलं शरीर वजनाबद्दल जे शिकवतं ते कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही. माणूस कुशीवर झोपला की सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो, आणि शर्टाच्या चुण्या त्या दोन जागांकडे ओढल्या जातात. चुण्या काढायच्या नसतात, ओढ काढायची असते. बंद मूठ झोपेत हळूहळू उघडते. जमिनीला टेकलेला गाल थोडा पसरतो आणि तोंड एका बाजूला जातं. मी आधी अर्धा तास एकाच माणसासमोर बसायचे, मग दोन मिनिटांत एक, मग तीस सेकंदांत. सहा महिन्यांत पाच स्केचबुकं भरली. माझी माणसं जमिनीवर आली.

याच्या जोडीला वर्गात दुसरी गोष्ट शिकत होते. सर सांगायचे, हात काढू नकोस, हात आणि कंबर यांच्या मधली जी मोकळी जागा आहे तिचा आकार काढ. डोळे किलकिले कर म्हणजे नाक-डोळे जातील आणि फक्त उजेड-अंधार उरेल. बेटी एडवर्ड्स यांच्या 1979 च्या प्रसिद्ध पुस्तकात एक धडा आहे. पिकासोने काढलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उलटं उतरवायचं. करून बघा, मजा येते. सुलटं ठेवून जमत नाही ते उलटं ठेवून जमतं. कारण ‘डोळा’ म्हटलं की मेंदू पाठ केलेला डोळा पुढे करतो, तोच परीक्षेतला, बदामासारखा. उलट्या कागदावर डोळा ओळखूच येत नाही, त्यामुळे नाइलाजाने समोर जे आहे ते बघावं लागतं.

म्हणजे चांगलं चित्र काढायचं तर समोरच्या वस्तूचं नाव विसरायला शिकायचं. चेहरा नीट उतरायचा असेल तर तो चेहरा आहे हे विसरायचं. मला हे इतकं आवडलं होतं की मी लोकलच्या लेडीज डब्यात बसल्या बसल्या समोरच्या बाईचं नाव, वय, डबा, थकवा सगळं पुसून तिचे फक्त त्रिकोण आणि सावल्या करत बसायचे. या विसरण्यात आणखी काय काय विसरलं जातं, हे मला एका सकाळी कळलं.

खांबाशी एक बाई झोपली होती. चाळिशीची असेल, नक्की सांगता येणार नाही. शेजारी एक गोणी, गोणीला दोरीने बांधलेला स्टीलचा डबा. तिचा हात गोणीवर होता आणि त्या हाताचा कोन मला फार हवा होता. मी जवळ सरकले. कागदावर कोळशाचा आवाज येतो, तो आला असेल किंवा नुसतंच जाणवलं असेल, ती उठली. माझ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘काय लिहिते?’

मी म्हटलं, लिहीत नाही, चित्र काढतेय. तिचा विश्वास बसला नाही. बोर्डला कागद लावून कुणी तिच्यासमोर बसतं तेव्हा त्यानंतर काय होतं, हे तिला माहीत असणार. ‘नाव नको लिहू,’ म्हणाली. ‘जाते मी.’ मी कागद वळवून दाखवेपर्यंत तिने गोणी उचलली होती. ती गेली. अजून उजाडलंही नव्हतं.

चित्र मात्र चांगलं झालं होतं. त्या महिन्याच्या सबमिशनमध्ये ते लावलं आणि सरांनी वर्गाला दाखवलं.

हॉस्टेलवर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मैत्रिणींनी मला समजावलं. सार्वजनिक जागा आहे. तू तिचं काही नेलं नाहीस. लोक तर कुणाचेही फोटो काढतात, रील बनवतात, तू निदान हाताने काढतेस. हे सगळं खरं आहे आणि तरी मला ते पुरत नाही. आमच्या वर्गात मॉडेल म्हणून ज्या मावशी बसायच्या, त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. त्यांना तासाचे पैसे मिळायचे, वीस मिनिटांनी विश्रांती मिळायची आणि पाय आखडला तर त्या सरळ ‘थांबा’ म्हणायच्या. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या 2018 च्या चित्रपटामुळे या कामाबद्दल घराघरांत थोडं बोललं गेलं. त्या कामाला समाज काय म्हणतो हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, पण वर्गापुरता तो व्यवहार दोघांनाही माहीत असतो. स्टेशनवरच्या बाईला व्यवहार चालू आहे हेच माहीत नव्हतं. शिवाय ‘ते हलत नाहीत’ या वाक्यात न हलणारे म्हणजे कोण? ज्यांना झोपायला दार असलेली खोली आहे ते माझ्या वहीत कधी आलेच नाहीत. माझी रेष ज्यांच्यावर घडली, त्यांच्याकडे उठून दार लावून घ्यायची सोय नव्हती.

याच्यावर एक गोड उत्तर आहे आणि ते चित्रकारांना फार आवडतं. ते असं की, निरखून पाहणं हाच एक प्रकारचा आदर आहे. त्या बाईकडे दिवसभरात कुणीही वीस मिनिटं पाहिलं नसेल, मी पाहिलं. मीही काही दिवस या उत्तरावर काढले. पण मग स्वतःला विचारलं, त्या वीस मिनिटांत मला तिच्याबद्दल काय कळलं? कोपराचा कोन कळला. तिला थंडी वाजत होती का, हे मला आज आठवत नाही. चादर होती का, हेसुद्धा चित्र पाहून सांगावं लागेल.

क्लोद मोनेची पत्नी कामिय 1879 मध्ये वेतोय या गावी वारली, अवघ्या 32 व्या वर्षी. मोनेने मृत्युशय्येवरचं तिचं चित्र रंगवलं. ते आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. पुढे म्हातारपणी त्याने मित्राला, म्हणजे क्लेमांसोला, सांगितलं की तिच्याजवळ बसलेला असताना आपण तिच्या कपाळावर मृत्यूने आणलेले रंग टिपत बसलोय, हे आपल्या लक्षात आलं. निळा, पिवळा, करडा. मनाने ठरवण्याआधीच डोळ्यांनी काम सुरू केलं होतं. ही गोष्ट बहुतेक वेळा थोर कलावंताची तल्लीनता म्हणून सांगितली जाते. मला ती धास्तावलेल्या माणसाची कबुली वाटते. इतकी वर्षं आपण जो सराव केला, तो आता आपल्या सांगण्याने थांबत नाही, ही ती धास्ती.

पण हेच एकमेव टोक आहे असंही नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात फिरला. उपाशी, मरणाला टेकलेली, मेलेली माणसं त्याने काळ्या शाईत काढली. यांच्याइतकी हतबल, ‘न हलणारी’ माणसं दुसरी कुठली असणार. ती चित्रं आणि प्रवासाची टिपणं त्याने ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत छापली आणि इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे हाच चित्तप्रसाद मुंबईत येऊन अंधेरीला कितीतरी वर्षं राहिला. त्याची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सवयीने ब्रशचे फटकारे बघत होते. मग चित्रांच्या सोबतच्या ओळींकडे लक्ष गेलं. त्यांत माणसांची नावं आहेत. हा कोण, कुठला. रेषा उत्तम यावी म्हणून त्याला नाव विसरावं लागलं असेल, पण काम झाल्यावर तो परत जाऊन नाव घेऊन आला.

हे वाचून मला बरं वाटलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. त्याला ती माणसं जगाला दाखवायची होती. मला फक्त माझा हात सुधारायचा होता. आणि माझ्या बाईला तर नाव लिहिलं जाण्याचीच भीती होती. तेव्हा चित्तप्रसादचा उपाय उचलून माझ्या वहीत लावता येत नाही.

आता आजीचं सांगते. ते सांगायचं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात मी गावी गेले होते. दुपारी आजी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. दारातून आडवा उजेड येत होता. कवळी तिने काढून ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले आणि हनुवटी पुढे. मी वही काढली. आजीला कळलं, ती उठायला लागली. ‘थांब गं, कवळी लावते, मग काढ.’

मी म्हटलं, ‘नको आजी, अशीच छान दिसतेस.’

खोटं बोलले. छान ती दिसत नव्हती, छान चित्र दिसत होतं. कवळी लावली की गाल भरून येतात, सावल्या जातात, चेहरा कुणाचाही होतो. ती बसली, कारण नात म्हणाली म्हणून. पाऊण तास हलली नाही. हे माझं तोपर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. मी ते इन्स्टाग्रामवर टाकलं. अनोळखी लोकांनी त्याला वास्तव म्हटलं, जिवंत म्हटलं. दोन-तीन दिवसांनी चुलतभावाने ते आजीला फोनवर दाखवलं. रात्री मला ताक वाढताना ती एवढंच म्हणाली, ‘बोळकं दाखवलंस होय सगळ्यांना.’

रागावली नव्हती. पुढे लगेच, भाकरी अजून हवी का, हे विचारलं. मी पोस्ट काढून टाकली, पण ती काढून टाकल्याचं तिला सांगून तरी काय कळणार होतं.

स्टेशनवरच्या बाईच्या बाबतीत मी म्हणू शकत होते की विचारता आलं नाही, ती झोपली होती. आजी जागी होती. तिने अट सांगितली होती. मी ऐकूनही ती मोडली, आणि मोडली चांगल्या चित्रासाठी. यात मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की आजही ती दोन चित्रं शेजारी ठेवली, तर कवळी नसलेलंच मी निवडीन. चित्र म्हणून ते जास्त खरं आहे. पण आजीला जे खरं वाटतं ते दातांसकट आहे. तिचा चेहरा कोणता हे ठरवायचा हक्क उजेडाला की तिला?

चित्र काढणं मी सोडलेलं नाही. स्टेशनवर अजून जाते. जाग्या माणसांना विचारते. दहातले चार ‘काढा की’ म्हणतात आणि लगेच ताठ बसतात, केस सारखे करतात, चित्राची वाट लागते. दोघे पैसे मागतात, ते मी देते आणि मग जास्त मोकळेपणाने काढते. झोपलेल्यांना काढायचं कमी केलंय, बंद केलं असं म्हटलं तर खोटं ठरेल. काढलं तर लांबून, चेहरा न घेता, आणि कुठे टाकत नाही. हे नियम फार पक्के नाहीत, मलाही माहीत आहे. एखाद्या सकाळी एखादा हात असा पडलेला असतो की सगळे नियम कोळशाच्या आधी मोडतात.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा म्हटलं, आजी, कवळी लाव, चित्र काढते. तिने कवळी लावलीच, शिवाय ठेवणीतलं लुगडं नेसली, पावडर लावली, आईकडून नथ मागून घेतली. खुर्चीत बसली ती थेट फोटो स्टुडिओत बसल्यासारखी. दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारत होती, शेजारीण आली तिच्याशी बोलत होती, मान सारखी हलत होती. मी चौकात उभी राहून चार वेळा खोडलं. डावा कान वर गेला, नथ ओठावर चिकटवल्यासारखी दिसते, आणि चेहरा पुन्हा त्या स्मरणचित्रातल्या बाईच्या जवळ गेलाय. सरांनी पाहिलं असतं तर विचारलं असतं, वजन कुठे गेलं?

आजीने ते हातात घेऊन खूप वेळ पाहिलं. मग काकाला फ्रेम करायला सांगितलं. आता ते सोप्यात आहे, कॅलेंडरच्या शेजारी, आल्यागेल्याला दिसेल असं. मागच्या वेळी गेले तेव्हा कान दुरुस्त करून देते म्हटलं, तर म्हणाली, ‘हात लावू नकोस त्याला.’