पोडावरच्या आईला काय सांगशील?

मारेगाव

चि. मृणालिनी,

लेकरांची डॉक्टर होऊन तू आपल्याच जिल्ह्यात येतेस, हे वाचून डोळे भरून आले. वयात येणाऱ्या मुलींच्या एचपीव्ही लशीबद्दल आईबापांशी कसं बोलायचं, याचं प्रशिक्षण तुला मिळणार आहे म्हणे. मी या तालुक्यात तीस वर्षं नर्सबाई म्हणून हिंडले, म्हणून लिहिते.

आईसमोर सुरुवात 'एचपीव्ही'नं करू नकोस. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला इकडे बाया 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून ही लस, एवढं म्हटलं की आई कान देते. अंगावरून पांढरं जातंय हे वर्ष वर्ष लपवून शेवटी नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयात पोचलेल्या बाया मी पाहिल्यात. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखावर बायांना हा आजार होतो, सुमारे ८० हजार जातात.

मग ती विचारेल, "लगन तं व्हाचंच हाय पोरीचं, आताच कायले?" इथं लाजून खाली बघू नकोस. घर पावसाआधीच शाकारतात. हा कॅन्सर करणारा, शरीरसंबंधातून येणारा विषाणू शरीरात शिरायच्या आधी लस पोचली तरच ती पूर्ण कामाची, म्हणून ९ ते १४ हे वय. "पोरीले लेकरू होईन ना मंग?" असं विचारलं तर आधी "होईल" म्हण, कारणं नंतर.

आईबापांशी कसं बोलावं यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ३० दवाखान्यांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. काही डॉक्टरांना शिकवलं, की आज हिला ही लस द्यायची आहे असं सरळ, खात्रीनं सांगा आणि शंका आली तर थांबून उत्तर द्या. काहींना मोकळी चर्चा करायला शिकवलं. सरळ सांगणाऱ्यांकडे लसीकरण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं, चर्चेवाल्यांकडे फरक पडला नाही. खात्रीचा आवाज हवाच, हे मलाही पटतं. पण तेवढंच उचलून पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, जाऊ नकोस. का, ते सांगते.

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत बडोद्याकडे मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, हे बाहेर आलं. एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं आणि लशीवरचा विश्वास कित्येक वर्षं मागे गेला. त्याच वेळी पुणे, बार्शी आणि इतर ठिकाणी डोसांची संख्या तपासणारा वेगळा अभ्यास चालू होता, तोही अडला. हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, आणि एक डोसही पुरेसं संरक्षण देतो हे त्यातूनही दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे.

आपल्याकडेही कोलाम, गोंड मुली आश्रमशाळेत आणि आई पोडावर. अधीक्षिकेची सही घेऊन भागवू नकोस. प्रशिक्षणात इंग्रजीत संवादाचा सराव करून घेतील, तर 'मी वऱ्हाडीत करून दाखवते' म्हण. कोलामीत कोण बोलणार, हेही विचार.

२०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत एका शाळेत एक मुलगी रांगेतच भोवळ येऊन पडली. सकाळपासून उपाशी होती, आणि सुईची धास्ती. संध्याकाळपर्यंत तीन गावांत बातमी, दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामे. या वयात असं होतं, जेवून यावं, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो, हे मी आईबापांना आधी सांगितलंच नव्हतं. अजून मनाला लागतं ते.

सध्या कापूस वेचणी आहे, बाया सकाळीच शेतात जातात. बैठक रात्री जेवणानंतर ठेव. कोलामी बोलणारी आशाताई मी बघून ठेवते. येताना शरीराचे भाग दाखवायची तुझी बाहुली आण, पिशवीचं तोंड कुठे असतं ते दाखवायला उपयोगी पडेल.

तुझी आत्या