नांव देण्यासाठीं जीव घ्यावा काय ?

डोंगरमाथ्यावरील दाट रानांत, ओल्या पाचोळ्याखालीं एक किडा राहतो. त्याची लांबी दोन-तीन मिलिमीटर. तो कोणाचें धान्य खात नाहीं, कोणाच्या वाटेस जात नाहीं, आणि कोणत्याहि भाषेंत त्याला नांव नाहीं. एके दिवशीं कोणी अभ्यासक चाळणी घेऊन तेथें येतो, त्याला धरितो, मारितो, आणि मग त्याला नांव देतो. हें योग्य आहे काय ? प्रश्न लहानशा किड्याचा दिसतो. परंतु ज्ञानासाठीं दुसऱ्याचें काय व किती घ्यावें, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे. म्हणून वाचकांनीं आम्हांबरोबर त्याचा थोडा विचार करावा.

हा किडा भुंगेऱ्यांच्या एका फार मोठ्या कुळांतील होय. शास्त्रज्ञ त्या कुळास स्टॅफिलिनिडी म्हणतात. इतर भुंगेऱ्यांच्या पाठीवरचीं कठीण झांकणें सगळें पोट झांकतात. यांचीं झांकणें आखूड बंडीसारखीं मध्येंच संपतात व मागचें लांब पोट उघडें राहतें. डिवचलें असतां पुष्कळ जाति तें पोट विंचवाच्या नांगीप्रमाणें वर उचलतात. पावसाळ्यांत दिव्यावर येणारा, मुंगीसारखा, काळा-तांबडा किडा अंगावर चिरडला तर कातडी भाजल्यासारखी होते; तो याच कुळांतला. या कुळांतील ६० हजारांहून अधिक जातींचें वर्णन आजवर झालें आहे. आपल्या देशांतील जातींचें वर्णन माल्कम कॅमरन या आरमारी डॉक्टरानें केलें. त्याचे ग्रंथ १९३० ते १९३९ या काळांत निघाले. तरी काम संपलें नाहीं, व दर वर्षीं नव्या जाति सांपडतच आहेत.

डोंगरावरील पुष्कळ जातींचे उडण्याचे पंख खुंटलेले असतात. त्यांस दरी ओलांडतां येत नाहीं. म्हणून एका शिखरावरची जाति पुष्कळदां शेजारच्या शिखरावर नसते. तो एक डोंगर उजाड झाला, कीं ती जाति जगांतूनच जाते.

आतां नांव देण्याची रीत पाहूं. अभ्यासक पाचोळा चाळणींतून चाळितो व खालीं पडलेला चुरा कापडी पिशवींत टांगून ठेवितो. चुरा सुकूं लागला म्हणजे आंतील किडे ओलाव्याच्या शोधांत खालीं उतरतात व बुडाशीं लावलेल्या मद्यार्काच्या बाटलींत पडतात. पुढें एकेक किडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून टांचणीस चिठ्ठी लावितात: ठिकाण कोणतें, उंची किती, दिवस कोणता, धरिला कोणीं. दोन जाति बाहेरून इतक्या सारख्या असतात कीं, नराचें जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून भेद कळत नाहीं. निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत ठेविलेले जुन्या जातींचे मूळ नमुनेहि पडताळावे लागतात. शेवटीं वर्णन छापून, नव्या जातीचा मूळ नमुना कोणता हें स्पष्ट नेमून द्यावें लागतें. १९९९ नंतर छापलेल्या नव्या नांवास यावांचून मान्यता नाहीं.

पहिला आक्षेप असा कीं, एवढा खटाटोप कशाला ? या किड्याचा उपयोग काय ? आमचें उत्तर असें कीं, उपयोग हें मोलाचें एकच माप नव्हे. गांवांत एखादें निराधार मूल आलें, तर तें पुढें काय कमावील हें न विचारतांच आपण त्याचें नांव विचारितों. ज्याला नांव नाहीं त्याची नोंद होत नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याच्या नाशाची फिर्याद कोण कशी करणार?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आदामानें पशुपक्ष्यांस नांवें दिलीं, तीं ते जिवंत समोर असतां. त्यासाठीं त्यानें कोणास मारिलें नाहीं. मग आम्हीं कां मारावें ? छायाचित्र कां पुरूं नये ? २०१५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील एका माशीचें वर्णन केवळ छायाचित्रांवरून करण्यांत आलें, व त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. मोठ्या पशूविषयीं हा विचार आम्हांस मान्य आहे. तो डोळ्यांनीं ओळखतां येतो. परंतु ज्याचा भेद शरीराच्या आंत दडला आहे, त्याचें चित्र ही अर्धी साक्ष होय. नमुना असला म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागत नाहीं. कोणीहि येऊन पडताळून पाहावें.

या साक्षीचें बळ किती, याचें एक उदाहरण देतों. १८३२ सालीं चार्ल्स डार्विन यानें अर्जेंटिनांतील बाहिया ब्लांका येथें याच कुळांतील एक किडा धरिला. तो लंडनच्या संग्रहालयांत पोंचला व पुढें नजरेआड झाला. २०१४ सालीं, म्हणजे १८२ वर्षांनीं, स्टिलियानोस खात्झिमानोलिस या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन छापून ती जाति नवी असल्याचें दाखविलें. तेव्हां तिचे दोनच नमुने ज्ञात होते. धरणारा कधींच गेला होता. परंतु टांचणीवरचा किडा आपली साक्ष देण्यास राहिला होता.

तथापि, यावरून वाटेल तितके जीव घेण्याची मोकळीक मिळते असें कोणीं समजूं नये. वणव्यांत लाखो किडे मरतात, मग दहा मारिले तर काय बिघडलें, हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. दुसऱ्याच्या मोठ्या अपराधानें आपला लहान अपराध धुतला जात नाहीं. घेणाऱ्यानें आपल्याच घेण्याचा हिशेब दिला पाहिजे. तो असा: गरजेहून अधिक घेऊं नये, चिठ्ठीवर खरें तेंच लिहावें, कारण ठिकाण व दिवस नसलेला नमुना म्हणजे व्यर्थ घेतलेला प्राण, जें कळलें तें पेटींत कोंडून न ठेवितां सर्वांस सांगावें, आणि नव्या नांवाचा मान मिळावा म्हणून जुन्याच जातीस नवी म्हणूं नये. हा हिशेब जो देतो, त्यानें त्या जातीचा एक जीव घेऊन सगळ्या जातीचें नांव राखिलें, असें आम्ही म्हणूं. जो देत नाहीं, त्यानें केवळ जीव घेतला.

आणि हाच हिशेब आपणांसहि लागू आहे. सह्याद्रीच्या उतारावर भाताच्या रोपांसाठीं राब भाजतात. त्याकरितां फांद्या व पाचोळा लागतोच, आणि गरिबाच्या पोटाशीं त्याचा संबंध आहे. परंतु रोपांपुरता पाचोळा आणणें वेगळें, आणि हलगर्जीपणानें सगळ्या डोंगरास आग लागूं देणें वेगळें. पहिल्यांत गरज आहे, दुसऱ्यांत बेफिकिरी. त्या आगींत कोण जळलें हें आपणांस कधीं कळणार नाहीं, कारण त्यांतील कित्येकांस अजून नांवच मिळालेलें नाहीं. पुढच्या खेपेस पाचोळा ओढितांना, त्याखालीं कोणी राहत आहे, एवढें ध्यानांत ठेवावें, आणि लागेल तितकाच न्यावा.