पांगणं वाईट नसतं, सरासरी फसवते

मराठीत ‘पांगणं’ हा शब्द बहुतेकदा उसासा टाकूनच येतो. ढग पांगले की पाऊस हुकतो. ‘घर पांगलं’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

शाळेच्या विज्ञानात मात्र याचंच एक भारदस्त भावंड भेटतं: अपस्करण. पांढरा प्रकाश प्रिझममधून गेला की रंग वेगवेगळे होतात. हे रंग काचच तयार करते, असं पूर्वी अनेकांना वाटायचं. न्यूटनने १६७२ साली छापून आलेल्या पत्रात दाखवलं की ते प्रकाशात आधीपासूनच असतात. निर्वात पोकळीत सगळे रंग एकाच वेगाने धावतात. काचेत शिरल्यावर जांभळा लालपेक्षा मंदावतो आणि जास्त वळतो. फरक जुनाच, काचेमुळे तो दिसला इतकंच. घर पांगलं की आपण शहराला, नोकरीला, नाहीतर सुनेला दोष देतो, तेव्हा मला ही काच आठवते.

पण किरणांचं एकमेकांना काही देणं लागत नाही, माणसांचं लागतं. इथे मला ऑप्टिकल फायबर जास्त जवळची वाटते. तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रत्येक ठोक्यात किंचित वेगवेगळ्या तरंगलांबी असतात. त्या मागेपुढे पोचतात, ठोका पसरतो आणि शेजारच्या ठोक्यात मिसळतो. यावर इंजिनिअर रंगांना दटावत बसत नाहीत. लांबच्या मार्गावर ते उलट गुणधर्माची फायबर जोडतात किंवा पलीकडच्या टोकाला गणिताने भरपाई करतात. पांगणं गृहीत धरायचं आणि भरपाईची सोय करायची.

त्यासाठी पांगलेलं आधी दिसायला हवं, आणि सरासरी नेमकं तेच झाकते. मी सॉफ्टवेअर लिहितो. समजा, ९९ जणांना ॲपचं उत्तर ०.१ सेकंदात मिळालं आणि एकाला १० सेकंदांनी. सरासरी ०.२ सेकंदांच्याही आत येते. रिपोर्ट हिरवागार, आणि तो एक जण स्क्रीनकडे बघत बसलेला. म्हणून संख्याशास्त्रात सरासरीच्या जोडीला प्रमाण विचलन लागतं: आकडे मधल्यापासून किती लांब पसरलेत, याचं माप.

आमचं घरही पांगलेलं आहे. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, एक चुलतभाऊ जर्मनीत. आजी गावी, काका-काकूंकडे. फॅमिली ग्रुपवर ‘सगळे मजेत’ असं येतं आणि सरासरीने ते खरंही असतं. पण आजीचं पथ्य, रात्रीची उठबस, तालुक्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या, हे सगळं दोघांच्याच वाट्याला.

आम्ही गावाबाहेर पडलो यात मला अपराध वाटत नाही. अपराध ‘सगळे’ या शब्दात आहे, कारण त्यात काकू दिसेनाशी होते. ‘सगळे कसे आहात?’ऐवजी ‘काकू, या आठवड्यात रात्री किती वेळा उठावं लागलं?’ असं विचारलं की खरा आकडा कळतो. मग पैसे पाठवायचे की रजा टाकून पंधरा दिवस गावी जायचं, हे ठरवता येतं.