समोरच्याचे डोळे

एक तरुण मास्तर होते. नोकरी पाटणला, घर चिपळूणला आणि मधे कुंभार्ली घाट. दर शनिवारी संध्याकाळी ते वडिलांच्या 1999 सालच्या मारुती 800 मधून घरी निघत. गाडी त्यांनी जिवापाड जपली होती, पण हेडलाइटचा उजेड फार मंद पडे. घाटात धुकं उतरलं की रस्त्याची कड शोधत जावं लागे.

शेवटी त्यांनी मूळचे 60/55 वॅटचे बल्ब काढून 100/90 चे बसवले. त्या रात्री घाट लख्ख दिसला. समोरच्या गाड्या सारख्या डिपर मारत होत्या, पण मास्तर उजेडावर इतके खूश होते की त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या शनिवारी एका वळणावर समोरून आलेला मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून कडेच्या चरात कलंडला. खरचटण्यावर निभावलं. मास्तरांनी त्याला उठवलं, हात जोडून माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "सर, रस्ताच दिसंना झाला." परतीच्या वाटेवर जळका वास आला आणि उजवा दिवा विझला.

सोमवारी गाडी तात्या मिस्त्रींच्या गॅरेजात आली. तात्यांनी होल्डर ओढून काढला. तो तपकिरी होऊन वितळला होता.

"मास्तर, ह्या वायरी 5 अँपिअरच्या हिशेबानं टाकलेल्या. तुम्ही त्यातनं 8 च्या वर नेले. जळणारच की!"

मग त्यांनी डोम बाहेर काढून उजेडात धरला. आतल्या रिफ्लेक्टरचा चांदीसारखा मुलामा पोपडे धरून काळवंडला होता. अर्थिंगची वायर बॉडीला जोडली होती तिथे हिरवट गंज चढला होता.

"बल्ब कमी पडत नव्हता. वीज ह्या गंजात अडायची आणि उजेड ह्या काळ्या आरशात मरायचा."

अंधार पडल्यावर तात्यांनी डावा, चालू असलेला दिवा लावला आणि मास्तरांना गाडीपासून 8 मीटरवर, थोडं उजवीकडे उभं केलं. "1989 च्या मोटार वाहन नियमात हेच अंतर हाय. हितं उभ्या माणसाचे, दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपता कामा नयेत. आता चालत या माझ्याकडं."

मास्तरांनी डोळे बारीक केले, पाऊल टाकलं आणि पाण्याच्या बादलीला अडखळले. बादली त्यांच्या पायाशीच होती. भिजलेल्या पायांनी ते तसेच उभे राहिले. चरातला तो माणूस त्यांना आठवला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी गंज घासून काढला, होल्डर बदलले, दोन्ही बाजूंना नवे डोम बसवले. 60/55 चे बल्ब फडक्यात धरून लावले. "काचेला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की तापल्यावर बल्ब तिथंच दगा देतो." मागची रबरी टोपी घट्ट बसवली. मग भिंतीसमोर गाडी लावून स्क्रू फिरवत फोकस सेट केला: उजवीकडे खाली, डाव्या कडेला किंचित वर.

मास्तर आपणहून पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांना जमीन दिसली, बादली दिसली आणि दिव्यांच्या मागे स्टिअरिंगवर बसलेले तात्याही दिसले.

त्या शनिवारी घाटात रस्ता पुरेसा दिसत होता. दूर वळणावर एक दिवा लुकलुकला. त्याने डिपर मारण्याआधीच मास्तरांनी आपला दिवा खाली केला.

तात्पर्य: उजेड कमी पडला तर आधी आपला आरसा आणि आपला गंज तपासावा. आणि दिवा असा लावावा, की समोरून येणाऱ्यालाही त्याची वाट दिसावी.