दुसऱ्यांच्या चुका निस्तरताना

सी भाषेतल्या प्रोग्रॅमने शून्य बाइट मेमरी मागितली तर त्याला काय मिळावे? प्रश्न खुळचट वाटतो, पण रिकामी यादी किंवा रिकामी फाइल हाताळताना ही मागणी सर्रास होते. सी भाषेच्या प्रमाणाला दोन्ही उत्तरे मान्य आहेत: खरा पॉइंटर द्या, नाहीतर नल, म्हणजे काहीच न दाखवणारा पॉइंटर, द्या. लिनक्स पहिले उत्तर देते, आयबीएमचे एआयएक्स दुसरे. लिनक्सवर लिहिलेला, तिथेच तपासलेला प्रोग्रॅम एआयएक्सवर नेला, की नल पाहून तो ‘मेमरी संपली’ असे सांगतो आणि बंद पडतो. मेमरी असते भरपूर. दोन्ही सिस्टिम नियमाने वागल्या, बळी गेला प्रोग्रॅमचा.

असले फरक एका ठिकाणी गोळा करून निस्तरण्याचे काम ‘ग्नूलिब’ ही सामाईक लायब्ररी या शतकाच्या सुरुवातीपासून करते आहे. ब्रूनो हायब्ले, पॉल एगर्ट, जिम मायरिंग ही तिच्यामागची ठळक नावे. लिनक्सवर फाइलींची यादी दाखवणारा ‘एलएस’, तसेच टार, ग्रेप, सेड, बायसन, गेटटेक्स्ट, ईमॅक्स असे कितीतरी ग्नू प्रोग्रॅम तिचा कोड वापरतात. बहुतेकांनी तिचे नाव मात्र ऐकलेले नसते. याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पाणीपुरवठा खात्यातल्या फिटरचे नाव तरी आपल्याला कुठे ठाऊक असते? मला बोलायचे आहे ते या कामाच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत बरोबर आहे असे माझे मत आहे, आणि तिची किंमत आपण मोजत नाही असेही.

सिस्टिमींतले फरक हाताळण्याची जुनी रीत म्हणजे प्रोग्रॅमच्या अंगभर ‘इफडेफ’ पेरणे: सोलारिस असेल तर हे कर, विंडोज असेल तर ते कर, नाहीतर तिसरेच. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ साली ‘सी न्यूज’ या प्रोग्रॅमच्या अनुभवावरून एक निबंध लिहून या रीतीचे वाभाडे काढले. काही वर्षांत असा कोड कोणालाच वाचता येत नाही, आणि ज्या सिस्टिमचे नाव अटीत आहे ती स्वतःच दरम्यान बदललेली असते, हा त्यांचा मुद्दा आजही तंतोतंत लागू आहे.

ग्नूलिबची रीत उलटी. पॉझिक्स प्रमाणात जे वचन दिले आहे ते सगळीकडे पाळले जाते असे धरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सरळ लिहावे. जिथे ते पाळले जात नाही तिथे लायब्ररीने मधे पडावे. त्यासाठी प्रोग्रॅम बांधण्याआधी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चिमुकले चाचणी-प्रोग्रॅम कंपाइल करून चालवून पाहते. सिस्टिमचे नाव ती शक्यतो विचारत नाही, तिची वागणूक तपासते. मेमरी मागणाऱ्या ‘मॅलॉक’ या फंक्शनला शून्य दिले आणि नल आला, तर प्रोग्रॅममधला मॅलॉक गुपचूप ‘आरपीएल_मॅलॉक’ या बदली फंक्शनकडे वळवला जातो. पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकांच्या कपाळावर हे नाव पाहून आठी पडेल. लॅपटॉपवर बसून दुसऱ्याच चिपसाठी कोड बांधताना चाचणी-प्रोग्रॅम चालवता येत नाही. कॉन्फिगर अशा वेळी पुष्कळदा सावधपणे वाईटच गृहीत धरते, आणि त्या प्रोग्रॅमने बदली फंक्शन सोबत ठेवलेले नसेल तर लिंकर ‘आरपीएल_मॅलॉक सापडत नाही’ म्हणून अडून बसतो. मग कोणीतरी जुन्या स्क्रिप्टमधली एक ओळ शोधून चिकटवतो आणि गाडी पुढे जाते. कारण शोधायला वेळ कोणाला असतो!

कारणे ज्याला पाहायची आहेत त्याने ग्नूलिबची पुस्तिका उघडावी. प्रमाणातल्या एकेका फंक्शनसाठी तिच्यात एकेक पान आहे. पानावर दोन याद्या: ग्नूलिब दूर करते ते दोष, आणि ग्नूलिबलाही दूर करता येत नाहीत ते. प्रत्येक दोषापुढे तो कोणत्या सिस्टिमच्या कोणत्या आवृत्तीत आढळतो याची नोंद. साध्या फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तरी सोलारिस ९ ती बिनतक्रार उघडते. विंडोजवर ‘रीनेम’ला नव्या नावाची फाइल आधीच असलेली चालत नाही. मला या पुस्तिकेतली दुसरी यादी अधिक मोलाची वाटते. आपल्याला काय जमत नाही हे इतक्या नेमकेपणाने छापणारे तांत्रिक साहित्य फार थोडे.

आता ग्नूलिबच्या सर्वांत वादग्रस्त निर्णयाकडे येऊ. नेहमीची लायब्ररी एकदा सिस्टिमवर बसते आणि सगळे प्रोग्रॅम तिला जोडले जातात. ग्नूलिबच्या फाइली मात्र प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या सोर्स कोडमध्ये उतरवून घेतो. हवी ती मॉड्यूल निवडायची, ‘ग्नूलिब-टूल’ त्यांच्या प्रती काढून देते. म्हणजे एकाच फंक्शनच्या शेकडो प्रती शेकडो ठिकाणी. वितरण बांधणारे लोक यावर वैतागतात, आणि ते बरोबरच आहे: एका प्रतीत सुरक्षेचा दोष सापडला तर बाकीच्या कुठे कुठे आहेत? पण पर्याय पाहा. सिस्टिममधली मेमरीची, फाइलींची मूलभूत फंक्शने ऐनवेळी बदलणारी एक वेगळी लायब्ररी सगळ्या प्रोग्रॅमांना जोडायची, तर तिची एक चुकीची आवृत्ती सगळ्यांनाच आडवे करील. शिवाय तीच लायब्ररी नसलेल्या यंत्रावर प्रोग्रॅम बांधायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

प्रती आल्या की पाठभेद आले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ज्ञानेश्वरीच्या उतरवलेल्या पोथ्यांत इतकी सरमिसळ झाली होती, की एकनाथांना शके १५०६ मध्ये तिचा शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावावे लागले. ग्नूलिबने नेमके हेच केले आहे: वेगवेगळ्या ग्नू प्रोग्रॅमांत वाहत गेलेल्या, आपापल्या परीने दुरुस्त होत राहिलेल्या फाइलींचा एक शुद्ध पाठ ठेवला. प्रत काढायला हरकत नाही, मात्र ती मूळ पाठाशी ताडून पाहणारे कोणीतरी असले पाहिजे.

ते नसले तर काय होते हे २०२४ साली दिसले. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार बसवले होते. खोट्या नावाने, काही वर्षे मदत करत विश्वास संपादन करून. त्या दाराची कडी होती ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’ या फाइलमध्ये, आणि मूळ फाइल ग्नूलिबची. ग्नूलिबमधली फाइल निर्दोष होती. बदललेली प्रत एक्सझेडच्या उघड्या कोडसाठ्यात नव्हती, फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गाठोड्यात होती. तिचा अनुक्रमांकही मूळ फाइलीपेक्षा वाढवून ठेवलेला, जेणेकरून ती नवीनच वाटावी. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅमरला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकले, त्याने मुळाशी जाऊन शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केले. डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत हे चोरदार पोहोचले होते. हल्लेखोराने हीच जागा निवडली यात नवल नाही. एम४ भाषेतल्या या फाइली कोणी वाचत नाही. उतरवून आणलेल्या असतात, कंटाळवाण्या असतात, आणि ‘वरून आल्या आहेत’ म्हणून पवित्र समजल्या जातात.

सिस्टिमींतल्या फरकांच्या या सगळ्या कटकटीवर एक सोपा तोडगा सुचवला जातो: सी सोडा, रस्टमध्ये लिहा. उबंटूने २५.१० या आवृत्तीत ‘कोअरयुटिल्स’ या ‘एलएस’सारख्या ग्नू प्रोग्रॅमांच्या संचाच्या जागी रस्टमधले प्रोग्रॅम आणले. मेमरीच्या चुका त्याने कमी होतील, हे मी मान्य करतो. सिस्टिमींतले फरक मात्र नाहीसे होत नाहीत. ते रस्टच्या प्रमाण लायब्ररीच्या पोटात जातात आणि तिथेही कोणाला तरी विंडोजसाठी वेगळे, लिनक्ससाठी वेगळे लिहावेच लागते. त्याच उबंटूत ‘डेट’ आज्ञेचा एक छोटा पर्याय नीट पाळला गेला नाही, तेवढ्याने काही यंत्रांवर आपोआप अपडेट तपासणे थांबले. अशा बारीकसारीक वागणुकीचे ज्ञान भाषा बदलल्याने आपोआप येत नाही.

या कामावरचा एक आक्षेप मात्र मला जास्त गंभीर वाटतो. ओरॅकल किंवा आयबीएमसारख्या धनाढ्य कंपन्यांच्या सिस्टिममधल्या उणिवा स्वयंसेवकांनी आपल्या फावल्या वेळात का भराव्यात? न्यायाने पाहता भरू नयेत. पण लाभ त्या कंपन्यांपेक्षा प्रोग्रॅमला जास्त होतो: परक्या सिस्टिमवर चालवताना त्याचे स्वतःचे लपलेले दोष उघडे पडतात. आणि वाहतूक एकाच दिशेने होते असेही नाही. एक ओळ वाचणारे ‘गेटलाइन’ हे मुळात ग्नूचे फंक्शन. ग्नूलिबने ते इतर सिस्टिमींवर नेले, २००८ च्या पॉझिक्स प्रमाणात ते दाखल झाले, आणि आता बहुतेक ठिकाणी बदली प्रतीची गरजच पडत नाही.

काम संपत मात्र नाही. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या सिस्टिमींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी उलटे पडणार आहे. त्यासाठीचे मॉड्यूल ग्नूलिबमध्ये तयार आहे, पण ते आपल्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेणे ज्याचे त्याच्याकडे. मीटर, राउटर, गाड्यांमधली उपकरणे यांचा कोड पुण्यात भरपूर लिहिला जातो. तिथल्या लोकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बाहेरून आलेल्या गाठोड्यातल्या एम४ फाइली तशाच वापरू नका. मूळ साठ्यातून पुन्हा काढा आणि फरक पाहा. आणि आरपीएल_मॅलॉकसारख्या अडचणीवर कंपनीच्या कोडमध्ये केलेली दुरुस्ती तिथेच पडून राहू देऊ नका. ग्नूलिबला मोठी दुरुस्ती द्यायची तर तिचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवावे लागतात, आणि त्यासाठी बहुधा मालकाचीही संमती लागते. आपल्याकडे बरेच जण नेमके इथेच अडतात. कायदा विभागाकडून त्या कागदावर सही आणणे हे इंजिनिअरांच्या वरिष्ठांचे काम आहे. ते त्यांनी करावे.